सोळा कार्बनांची शेपटी

गुरुवारी सकाळी तानिफोर अंघोळीला गेला तेव्हा साबणाच्या जागी वाडगा होता. घरामागच्या पत्र्याच्या आडोशात, बादलीशेजारच्या सपाट दगडावर, जिथे रोज हिरवी वडी चिकट होऊन पडलेली असे, तिथे निळ्या काठाचा इनॅमलचा वाडगा, वर बशी झाकलेली. कमरेला टॉवेल, हातात घासणी अशा अवस्थेत त्यानं बशी उचलली. आत कालचा पिवळा रस्सा होता. गार होऊन थोडा आळला होता, कडेला गडद पिवळी रेघ धरली होती. पण त्यात आतड्याचा तुकडा नव्हता, कातड्याचा नव्हता, धुरवलेल्या माशाचं शेपूटही नव्हतं. कुणीतरी चमच्यानं एकेक तुकडा बाहेर काढून नुसता रस्सा ठेवला होता, प्रयोगशाळेत नमुना ठेवतात तसा. म्हणजे हे विसरून राहिलेलं भांडं नव्हतं. विसरणारी माणसं मांस निवडून घेत नाहीत. बामेंडाच्या डोंगरावरून जानेवारीचं कोरडं, धुळकट वारं येत होतं, पत्रा थडथडत होता, आणि पलीकडे चुलीपाशी सासूबाई खोकल्या. नुसता खोकला होता तो. पण तानिफोरला त्यात पूर्णविराम ऐकू आला.

झालं होतं ते एवढंच. तीन आठवड्यांपूर्वी त्याला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाई, म्हणजे मा मांका, गावाहून लॉरीत बसून आल्या. बरोबर उखळ, मुसळ, लाल पामतेलाचा डबा आणि फडक्यात बांधलेले कांवाचे खडे. कांवा हा करडा, खारा दगड. तो कुटून पाण्यात कालवायचा, वरची निवळ कोमट पामतेलात ओतत हातानं फेटायचं, की बघता बघता लाल तेल पिवळं आणि दाट होतं; मग त्यात मांसाचं कढण आणि मसाला. हा आचूचा रस्सा. आचू म्हणजे अळकुड्या उकडून, कुटून, लोण्यासारखा केलेला गोळा. पानावर त्याचा वाटोळा बांध घालायचा, मधल्या खळग्यात रस्सा ओतायचा आणि एका बोटानं आतल्या बाजूनं खरवडत, रश्शात बुडवत खायचं. बांध फुटता कामा नये. बांध फुटून रस्सा पसरला की खाणाऱ्याची आई काढली जाते. मा मांका आल्यापासून घराचा ताबा त्यांच्याकडे गेला होता. बाळाला तेल त्यांनी लावायचं, लेकीचं पोट त्यांनी शेकायचं, दरवाजे कधी उघडायचे ते त्यांनी ठरवायचं. तानिफोरला स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटे, पण जेवण असं होतं की पाहुणा असल्याचं दुःख पहिल्या बोटातच विरघळून जाई.

बुधवारी संध्याकाळी शेजारची कॉम्फर्ट जेवायला होती. तिनं विचारलं, “मा, तेल तेच घेते, कांवा तोच घेते. माझं तेल आपलं वर लाल तरंगतं. तुमचा रस्सा असा कसा होतो हो?”

“हाताला विचार,” मा मांका म्हणाल्या. त्यांचा आवाज खूश होता.

आणि तानिफोरला राहवलं नाही. त्याचं बोट खळग्यात होतं, जिभेवर ती मऊ, तिखट, जराशी खारट चव होती, आणि डोळ्यांपुढे, काय सांगावं, डोळ्यांपुढे तेलाचा रेणू उलगडत होता. तीन शेपट्या एका खुंटीला टांगलेल्या, प्रत्येक शेपटी सोळा-अठरा कार्बनांची; कांव्यातला खार येतो, शेपट्या सुटतात, सुटलेल्या प्रत्येक शेपटीला एक डोकं लागतं. डोकं पाण्यात, शेपटी तेलात. जन्माचे वैरी असलेले पाणी आणि तेल त्या एका चिमुकल्या मध्यस्थामुळे एका वाडग्यात नांदतात. एवढं सगळं तोंडात घास असताना कसं सांगणार. तो म्हणाला, “साबण. हा साबण आहे, मा. आपण खरं तर साबण खातोय.”

कुणी हसलं नाही. कॉम्फर्टनं आपल्या बोटाकडे बघितलं. स्विरीनं, त्याच्या बायकोनं, बाळाचं टोपडं उगाच नीट केलं. मा मांकांनी पळी खाली ठेवली, अगदी हळू ठेवली, आणि हात धुवायला गेल्या. बाईनं स्तुती म्हणून ऐकायची गोष्ट शिवी म्हणून ऐकली होती, आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरला त्याचा पत्ताही नव्हता. त्यानं दुसऱ्यांदा रस्सा मागितला. तो त्याला मिळालाही.

हा त्याचा जुना आजार होता. मिशनच्या शाळेत तेराव्या वर्षी कार्बनला चार हात असतात हे ऐकल्यापासून त्याला जग नुसतं दिसेनासं झालं होतं. स्विरीच्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्या त्याला एकमेकींना चिकटलेल्या दोन षटकोनी फरश्या वाटत. व्हिनेगर म्हणजे दोनच कार्बनांचं आखूड, आंबट पोरगं. घशाला खाज आणणाऱ्या कच्च्या अळकुडीत त्याला सुयांचे गठ्ठे दिसत. पामतेलाचा लाल रंग म्हणजे एक लांबच लांब साखळी, एकेरी आणि दुहेरी कड्या आळीपाळीनं ओवलेली. ओलेइक आम्लाची शेपटी नवव्या कार्बनापाशी वाकलेली असते हे त्यानं लग्नानंतर तिसऱ्या दिवशी स्विरीला कागदावर काढून दाखवलं होतं, आणि ती म्हणाली होती, “बिचारीचे गुडघे दुखत असतील.” त्या उत्तरावर तो सहा महिने खूश होता. माणसंही त्याला तशीच दिसत. कॉम्फर्टला चारही हात, चारही कुठे ना कुठे अडकलेले. मुख्याध्यापक निष्क्रिय वायू. फक्त मा मांकांची बांधणी त्याला जमत नव्हती. कागदावर कुठून सुरुवात करावी हेच कळत नसे.

आता तो आडोशात कुडकुडत उभा होता आणि शाळेची पहिली घंटा जवळ येत होती. विचार सरळ होता. वाडगा तसाच ठेवून नुसत्या पाण्यानं अंघोळ केली तर काल बोललेलं खोटं ठरतं: साबण आहे म्हणता ना, मग लावा की. लावला तर तो अंगाला रस्सा फासलेला जावई ठरतो. चूक कबूल करणं हा तिसरा मार्गही होता, पण त्याच्या मते चूक झालीच नव्हती. तो साबणच होता. थोडा होता, पण होता. त्यानं दोन बोटं बुडवली, तळहातावर चोळली, पाण्याचा थेंब टाकला. किंचित, अगदी किंचित, फेस आला. त्याला इतका आनंद झाला की तो पलीकडे ओरडून सांगणार होता. त्याऐवजी त्यानं उरलेला रस्सा खांद्यांवर घेतला आणि शास्त्राच्या इभ्रतीसाठी नखशिखांत अंघोळ केली. पाणी कमी पडलं. बादली एकच होती.

बाहेर आला तेव्हा मा मांका चुलीवर पाणी तापवत होत्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “निघालात, मास्तर? स्वच्छ?”

“स्वच्छ,” तो म्हणाला.

शाळेपर्यंतची वाट दहा मिनिटांची. खाटकाच्या कोपऱ्यावरचा पिवळा कुत्रा, ज्यानं आजवर मास्तरकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तो उठला आणि मागे चालू लागला. तानिफोर थांबला की कुत्रा थांबे आणि आकाशाकडे बघे. रश्शातल्या वेलदोड्यासारख्या रानमसाल्याचा वास, माशाच्या धुराचा वास, आणि उन्हं चढतील तसा खाली दडलेला पामतेलाचा गोडसर वास त्याच्या सदऱ्यातून वर येत होता. रस्त्यावरच्या बायका त्याला नमस्कार करत आणि मग मागे वळून आपसात काहीतरी बोलत. धूळ अंगाला रोजच्यापेक्षा जास्त चिकटत होती. अर्थातच चिकटणार, त्यानं मनात म्हटलं, न सुटलेल्या शेपट्या अजून तेलच आहेत ना.

आणि नशीब असं की माध्यमिकच्या पाचव्या वर्षाच्या वर्गाला त्या दिवशी साबणच होता. वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रक त्यानं स्वतः आखलं होतं. त्यानं फळ्यावर खुंटी काढली, तीन शेपट्या काढल्या. पहिल्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघत नाकं हलवत होती. मागून कुणीतरी म्हणालं, “सर, आज डबा लवकर आणलात?” वर्ग टेबलांवर आडवा झाला. तानिफोरनं खडू खाली ठेवला नाही. त्यानं शेपटीचे सोळाही कार्बन एकेक करून काढले, हसू ओसरेपर्यंत. मग पेट्रोनिला नावाच्या मुलीनं, जी कधीही हसत नसे, हात वर केला. “सर, खार जास्त पडला तर?”

“तर सगळं तेल संपून जातं आणि खार शिल्लक राहतो,” तो म्हणाला. “मग साबण कातडी जाळतो.” आणि हे वाक्य म्हणून झाल्यावर तो फळ्याकडे तोंड करून नको इतका वेळ उभा राहिला.

कारण त्यानं एकदा साबण केला होता. चौदा वर्षांचा असताना, मिशनच्या शाळेत, केळीच्या सालींची राख पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून, पामतेलात आटवून. विटकरी रंगाची ओबडधोबड वडी झाली होती. ती केळीच्या पानात बांधून तो डोंगर उतरून घरी गेला आणि आईच्या हातात दिली. आईनं ती नाकाशी धरली, उन्हात धरली, शेजारणीला दाखवली. मग दर रविवारी चर्चला जाण्याआधी ती त्याच साबणानं अंघोळ करायची. “असा साबण बाजारात मिळत नाही,” ती म्हणायची, आणि म्हणताना कोपरापासून मनगटापर्यंत हाताला मन्यांगा चोळत बसायची. मन्यांगा म्हणजे पामच्या बियांचं काळं तेल, तान्ह्या पोरांना लावतात ते. हात तुकतुकीत दिसावेत म्हणून लावते असं त्याला वाटायचं. वडी संपायला चार महिने लागले. पुढे तेविसाव्या वर्षी, शिक्षकांच्या कॉलेजात, उकाड्याच्या दुपारी कुठलंसं गणित सोडवताना त्याच्या लक्षात आलं की त्या राखेच्या पाण्यात लागणाऱ्या खाराच्या दुप्पट खार होता. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. तिचे हात रविवारी लाल असायचे. चार महिने, सतरा रविवार. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, स्विरीलासुद्धा नाही. लाज वाटे म्हणून नव्हे. सांगायला लागलं की घसा बंद होई आणि रसायनशास्त्राच्या मास्तरचा घसा बंद झालेला बरा दिसत नाही.

दुपारी घरी आला तर दारात गाठोडं होतं. लाल-काळ्या छापाच्या कापडाचं, चारही टोकं आवळून गाठ मारलेलं. मा मांका शेजारी बसून कोरड्या शेंगा सोलत होत्या.

“काय मास्तर, मळ निघाला?”

“थोडा.”

“अजून लागला तर सांगा. भांड्यात आहे.”

“मा, मी चांगल्या अर्थानं म्हणालो.”

“चांगल्या अर्थानं साबण.” त्यांनी एक शेंग मोडली. “हा रस्सा मला माझ्या आईनं शिकवला. माझा नवरा गेला तेव्हा सगळं गाव दारात बसलं होतं, त्यांना मी हाच वाढला. आता मला विचार करू द्या, मी त्या दिवशी शंभर माणसांना साबण वाढला होता का.”

तानिफोरनं तोंड उघडलं. सर्व काही रेणूंच्या पातळीवर खरं आहे पण जिभेच्या पातळीवर, असं काहीतरी तो सुरू करणार होता. मा मांकांनी सोललेल्या शेंगा परातीत टाकल्या आणि बोलायला जागाच ठेवली नाही.

“हे बघा. शनिवारी बाळाचं बारसं. माझ्या मंडळाच्या बायका गावाहून येतायत. अळकुड्या मी कुटते, मांस मी शिजवते. रस्सा तुम्ही करा. त्यात काय असतं ते तुम्हालाच ठाऊक. जमला, तर नातीचं नाव इथेच ठेवते. नाही जमला, तर संध्याकाळच्या लॉरीनं लेक आणि नात घेऊन जाते. चार महिने माझ्याकडे राहतील, नाव तिकडे ठेवीन, तुम्हाला चिठ्ठी पाठवीन.”

स्विरीच्या माहेरी पहिल्या नातीचं नाव आईची आई ठेवते, त्यामुळे तीन आठवडे पोरीला नावच नव्हतं. सगळे तिला छोटी म्हणत. रोज सकाळी तानिफोर तिला हातात घेई आणि तिच्या टाळूचा वास घेई, आणि या एका बाबतीत त्याच्या डोळ्यांपुढे कुठलाही रेणू येत नसे. तिथे फक्त वास असे. रस्सा बिघडला तर तो वास चार महिने नसणार होता.

शुक्रवारी दुपारी तो बाजेच्या कडेला बसला. स्विरी बाळाला पाजत होती. “माफी माग की,” ती म्हणाली.

“मागितली.”

“काय म्हणालास?”

“म्हटलं, साबण हा मुळात अत्यंत उदात्त...”

“ही माफी नाही. हा तास आहे.”

“तू खरंच जाशील?”

तिनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. “मला अजून नीट वाकता येत नाही,” ती म्हणाली. “रात्री बाळ रडलं की आई उठते. तू उठतोस तेव्हा दूध आंबतं कसं ते सांगतोस. आणि तिला तू दुखवलंयस, तानि. तिच्याकडे दुसरं काय आहे मिरवायला? तुझ्याकडे फळा आहे. तिच्याकडे तो रस्सा.” मग त्याचा चेहरा बघून तिला हसू आलं, पण जाणार नाही असं काही ती म्हणाली नाही. दारातलं गाठोडं कालच्यापेक्षा फुगलेलं दिसत होतं.

म्हणून तो कामाला लागला. शाळेतून तराजू आणला, भौतिकशास्त्राच्या मास्तरकडून थर्मामीटर उसना घेतला, जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे गणित मांडलं. तेल किती, त्यात शेपट्या किती, प्रत्येक शेपटी सोडवायला कांवा किती. समीकरण मांडलं, दोन्ही बाजू जुळवल्या, खाली दोन रेघा मारल्या. इथेच त्याची माती झाली आणि त्याला ते कळलं नाही. वीस वर्षांत त्यानं फळ्यावर एकही समीकरण अर्धवट सोडलं नव्हतं. सगळं तेल, सगळा खार, बाण, उत्तर. डाव्या बाजूला काही उरू द्यायचं नाही ही त्याची शिस्तच होती; पोरांचे गुण तो त्यावर कापत असे.

शनिवारी अकराच्या सुमाराला बायका आल्या. बारा जणी, सगळ्यांची एकाच छापाची लुगडी, गाणं म्हणत, कमरा हलवत, अंगणाची धूळ उडवत. बाळाला हातोहात फिरवलं, स्विरीच्या गालाला पावडर फासली, आणि मग त्यांना कळलं की रस्सा जावई करणार आहे. गाणं थांबलं. कॉम्फर्टनं सगळ्यांना चुलीभोवती बाकं लावून दिली, जणू आज नाटक होतं. मा मांका मुसळ बाजूला ठेवून हात पुसत उभ्या राहिल्या.

तानिफोरनं कोमट तेलात थर्मामीटर घातला.

“तेलाला ताप आलाय का?” एका म्हातारीनं विचारलं.

“डॉक्टर, आम्हालाही तपासा,” दुसरी म्हणाली.

त्याच्या कपाळावर घाम आला होता, तरी हात स्थिर होता. मोजून ठेवलेली कांवाची निवळ त्यानं जगमधून धारेनं ओतायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातानं फेटू लागला. लाल तेल आधी गढूळलं. मग कडेनं फिकं झालं. मग मधूनच, कुणी दिवा लावावा तसं, ते पिवळं व्हायला लागलं. दाट, मऊ, एकसारखं पिवळं. बायकांची बोलणी बंद झाली. तानिफोरच्या बोटांना ते लागत होतं, कोमट आणि रेशमी, आणि त्याला आतून उमाळा येत होता, कारण इतकी वर्षं त्यानं हे फक्त खडूनं केलं होतं. लाखो डोकी पाण्यात, लाखो शेपट्या तेलात, आणि ते सगळं त्याच्या मुठीत. जगमध्ये निम्मी निवळ उरली होती. त्याच्या खांद्यामागे मा मांका किंचित वाकल्या आणि फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, “बास.”

त्यानं ते ऐकलं. नंतर कितीही वेळा आठवलं तरी त्याला हे नाकारता आलं नाही की त्यानं ते स्वच्छ ऐकलं होतं. पण जगमध्ये निम्मी निवळ होती, आणि कागदावर दोन रेघा होत्या, आणि डाव्या बाजूला काही उरू द्यायचं नसतं. त्यानं उरलेली सगळी ओतली.

रस्सा क्षणभर तसाच राहिला, जणू त्यालाही विश्वास बसला नव्हता. मग तो घट्ट झाला, बोटांना चिकटला, काठाशी करडा फेस धरू लागला आणि त्यातून धुणं टाकायच्या दिवशी घरभर पसरतो तो वास आला. कॉम्फर्टनं पळीचं टोक बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले, आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन थुंकून आली. “मास्तर बोलले ते खरं आहे,” ती म्हणाली. “साबण आहे.”

बाराही जणी हसल्या. एकीला तर बाकावरून उठवावं लागलं. तानिफोर पिवळे हात समोर धरून उभा होता, आणि त्याच्या मनात फक्त लॉरीचा हॉर्न वाजत होता. खोलीच्या दारात स्विरी छोटीला खांद्यावर घेऊन उभी होती. ती हसत नव्हती.

मा मांका दाराकडे गेल्या आणि त्यांनी गाठोडं उचललं. त्यांनी ते अंगणात आणलं, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं आणि गाठ सोडली. एक कापड निघालं. आत दुसरं कापड. त्याच्या आत तिसरं. आणि आत भांडं, झाकण काढल्यावर वाफ येणारं, पिवळ्याधमक रश्शानं काठोकाठ भरलेलं.

“पहाटे करून ठेवला,” त्या मंडळाच्या बायकांना म्हणाल्या. “पुरुषाच्या भरवशावर बारा पोटं कोण ठेवतं? पानं घ्या.”

पानं मांडली गेली. आचूचे पांढरे बांध घातले गेले, खळगे भरले गेले, बोटं चालू लागली. तानिफोर चुलीपाशीच उभा होता. काल रात्रीपर्यंत त्या गाठोड्यात लुगडी होती की हाच डाव होता, हे विचारण्याची त्याला सोय नव्हती. मग मा मांकांनी स्वतःचं पान घेतलं, बांध घातला, आणि पळी त्याच्या भांड्यात बुडवली. त्याच्या. एक पळी, मग दुसरी.

“आई, नको,” स्विरी म्हणाली.

“जावयानं केलंय,” मा मांका म्हणाल्या आणि बसल्या.

त्यांनी सगळं खाल्लं. घाई न करता, तर्जनीनं आतल्या बाजूनं एकसारखं खरवडत, बुडवत, चाटत. बायका हसायच्या थांबल्या होत्या. बांध पातळ होत गेला, शेवटी कागदासारखा उरला, पण फुटला नाही. दोनदा त्यांना डोळे मिटावे लागले. एकदा ढेकर आली तेव्हा मंडळातल्या एका म्हातारीनं कॉम्फर्टला कोपरानं ढोसलं. शेवटचा घास गिळून त्यांनी बोट पुसलं. त्यांचे ओठ लाल झाले होते, कडेला सुजल्यासारखे.

“छोटीची बाटली दे गं,” त्या लेकीला म्हणाल्या. स्विरीनं मन्यांगाची बाटली दिली. मा मांकांनी दोन थेंब बोटावर घेतले आणि सावकाश, कुणाकडेही न बघता, ओठांवर चोळले.

तानिफोर ते बघत होता. त्याला रेणू दिसला नाही. त्याला रविवारची सकाळ दिसली, ओसरीवर बसलेली बाई आणि तिचे दोन हात.

“मास्तर,” मा मांका म्हणाल्या, “असलं काहीतरी तुमच्या हातून घेऊन, चांगलंय म्हणून वापरणारी बाई माझ्या आधी कोण होती?”

सगळं अंगण थांबलं होतं. “आई,” तो शेवटी म्हणाला.

“नाव?”

“अक्वी.”

मा मांकांनी हात पुढे केले. स्विरीनं पोर त्यांच्या मांडीवर दिलं. तेलाचंच बोट त्यांनी तिच्या कपाळाला लावलं, खाली वाकून कानात काहीतरी म्हणाल्या आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “अक्वी.” बारा बायकांनी ते नाव एकदम उचललं, त्याला गाण्यात घातलं, आणि धूळ पुन्हा उडू लागली. तानिफोर तोंड फिरवून, पिवळ्या हातांनी चष्मा पुसायचा प्रयत्न करत होता.

“आता रडू नका, मास्तर,” मा मांका म्हणाल्या. “ते तुमचं भांडं घासायला घ्या. त्याला साबण लागणार नाही.”